नाकारलेली लस आणि राहून गेलेली लस

‘माझ्या मुलाला लस द्यायची की नाही, हे मी ठरवणार, सरकार कोण सांगणारे?’ हा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ऐकू यायचा. आता तो हिंगोली, वसमत, कळमनुरीतही ऐकू येतो. करोनाच्या काळात मोबाइलवर फिरलेले व्हिडिओ लोकांच्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत, आणि तेव्हाचा राग आता दीड महिन्याच्या बाळाच्या पेंटाव्हॅलंटवर निघतो. एखादा शिकलेला बाप उपकेंद्रातल्या सिस्टरला थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला देतो. दाखला खोटा नसतो, अर्धा असतो.

तो निकाल २ मे २०२२ चा. डॉ. जेकब पुलियेल या बालरोगतज्ज्ञांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने तो दिला. घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात स्वतःच्या शरीरावरचा हक्कही येतो, त्यामुळे कोणालाही इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. एवढाच भाग मोबाइलवर फिरतो. पुढचा भाग असा की, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कावर मर्यादा घालू शकते, मात्र ती कारणाला धरून आणि प्रमाणात हवी. त्या वेळी लस न घेतलेल्यांवर घातलेली बंधने न्यायालयाला प्रमाणात वाटली नाहीत. कारण लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो, असे दाखवणारी माहिती सरकारांनी पुढे ठेवली नव्हती. करोनाची लस मृत्यू आणि गंभीर आजार टाळत होती, पण घेतलेल्यालाही लागण होत होती आणि त्याच्याकडून दुसऱ्याला होत होती. गोवराच्या लशीचे तसे नाही. दोन डोस झालेल्या शंभर मुलांपैकी पंचाण्णवहून अधिक मुलांना गोवर होतच नाही, आणि ज्याला झाला नाही तो पसरवतही नाही. बंधने अवाजवी ठरवताना न्यायालयाने जो आधार घेतला, तो गोवराला लावता येत नाही.

सक्ती काय करते, हे मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात लशीचा किमान एक डोस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय पेट्रोल आणि रेशन मिळणार नाही, असा आदेश निघाला होता. अशा आदेशांनी रांगा लागतात आणि टक्केवारी वाढते, यात शंका नाही. पण रेशनच्या धाकाने दंड पुढे करणाऱ्या माणसाला लशीबद्दल काही पटलेले नसते. त्याच्या घरात नातू जन्मतो तेव्हा ती न पटलेली गोष्ट पाळण्याशी उभी राहते.

तरीही ‘माझे मूल, माझी मर्जी’ हे म्हणणे साध्या हिशेबावर टिकत नाही. गोवराचा एक रुग्ण, भोवती कोणालाच संरक्षण नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करतो. मधला पंधराचा आकडा धरू. गावातल्या शंभरांपैकी ऐंशी मुले सुरक्षित असतील, तर एका रुग्णाकडून पंधराऐवजी तिघांना गोवर जातो. तिघांकडून नऊ, नऊ जणांकडून सत्तावीस. ऐंशी टक्के ऐकायला चांगले वाटते, पण साथ चालूच राहते. पंचाण्णव टक्के मुले सुरक्षित असतील तर एका रुग्णामागे एकही नवा रुग्ण धड तयार होत नाही आणि साथ आपोआप विझते. ऐंशी आणि पंचाण्णव यांच्या मधली ती पंधरा मुले कोणाची, यावर सगळे अवलंबून असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक ते दोन वर्षांच्या मुलांत पूर्ण लसीकरण झालेल्यांचे प्रमाण देशात सुमारे ७६ टक्के होते, महाराष्ट्रात त्याहून थोडे कमीच.

या हिशेबात एक गट असा आहे, ज्याच्या आईबापांना निवड करण्याची संधीच नसते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लशीचा परिणाम कमी करतात. हीच प्रतिपिंडे सहाव्या महिन्यापासून ओसरू लागतात. म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचे बाळ ना आईच्या संरक्षणात, ना लशीच्या. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो आणि अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पसरतो, म्हणजे मूल अजून नुसते सर्दी-तापाचे वाटत असते तेव्हाच. औंढ्याच्या जत्रेत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला लस आहे की नाही, हे त्या आठ महिन्यांच्या बाळाची आई विचारू शकत नाही. तिचेही एक स्वातंत्र्य आहेच की, बाळाला घेऊन बाहेर पडण्याचे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत हेच झाले. करोनाच्या दोन वर्षांत नियमित लसीकरण मागे पडले होते. गोवराने बालके दगावली. मालेगाव, भिवंडीतही साथ पोचली. नऊ महिन्यांखालची मुलेही आजारी पडू लागली, तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला. ‘गोवर काय, सगळ्यांनाच निघायचा’ असे सांगणारी जुनी माणसे खेड्यात भेटतात. त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते खरे असते, कारण जे वाचले तेच ते सांगायला उरले. कुपोषित मुलात गोवरानंतर न्यूमोनिया आणि जुलाब जीव घेतात. शिवाय गोवर शरीराची रोगांविषयीची आठवण पुसतो: आधी झालेल्या आजारांविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्तीही तो कमी करतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणून गोवरातून उठलेले मूल पुढे बरेच महिने सारखे आजारी पडते.

पण प्रत्येक लशीला हा ‘इतरांसाठी’चा युक्तिवाद लावणे बरोबर नाही, आणि आरोग्य खात्याची माणसे तो सरसकट लावतात. धनुर्वात एकाकडून दुसऱ्याला होत नाही. त्याची लस फक्त घेणाऱ्याला वाचवते. बीसीजी प्रामुख्याने त्याच बाळाला मेंदूच्या क्षयापासून वाचवते. गावातला क्षय तिने थांबत नाही. तिथे पालकांना समाजाची जबाबदारी सांगून उपयोग नाही, मुलाचा फायदा सांगावा. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, पोलिओ यांच्या बाबतीत मात्र शेजाऱ्याचा हक्क येतो. सगळ्या लशी एकाच दावणीला बांधल्या की विचार करणारा पालक चिडतो, आणि त्याचे चिडणे वावगे नसते.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. स्वतःच्या शरीराबद्दल प्रौढ माणसाने घेतलेला निर्णय आणि मुलाच्या शरीराबद्दल आईबापांनी घेतलेला निर्णय एकाच तराजूत घालता येतात का? महात्मा गांधींचा देवीच्या लशीला विरोध होता. तो त्यांच्या विवेकाचा भाग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. आपले मत कोणावर लादायचे नाही, ज्याला टोचून घ्यायचे त्याने घ्यावे, अशीच त्यांची भूमिका होती. पण १९३० च्या सुरुवातीला साबरमती आश्रमात देवीची साथ आली. आश्रमात गांधीजींच्या शब्दाला जे वजन होते, ते पाहता टोचून घ्यायला पुढे कोण येणार? साथीत मुले दगावली. दांडी यात्रेत भजने गाणारे संगीतज्ञ पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगा त्यांतच गेला. गांधीजींना त्याचा फार त्रास झाला. मोठ्यांच्या तत्त्वाची किंमत मुलांनी मोजली, एवढे मात्र त्यातून दिसते. मूल ही आईबापांची मालमत्ता नाही. त्याच्या वतीने ते विश्वस्त म्हणून निर्णय घेतात, आणि विश्वस्ताला मालकापेक्षा जास्त विचार करावा लागतो.

मग कायदा करून टाकावा का? तोही प्रयोग आपल्याकडे झाला आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, ती भारतातली पहिली. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८७७ मध्ये मुंबई शहरात मुलांना देवी टोचणे कायद्याने सक्तीचे झाले आणि १८८० च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इतर नगरपालिका आणि छावण्यांनाही ती वाट मोकळी झाली. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. कायदा झाला, दंड झाले, मुले लपवली गेली आणि देवी आणखी शतकभर राहिल्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. त्याआधी घरोघरी जाऊन रुग्ण शोधणे आणि त्याच्याभोवतीच्या प्रत्येकाला लस देणे ही मोहीम राबवली गेली, तेव्हा देवी हटल्या. त्या मोहिमेच्या अखेरीस काही ठिकाणी जबरदस्ती झाली, हेही नोंदवायला हवे. इंग्लंडने १८५३ मध्ये सक्ती आणली, विरोधाचे मोर्चे पाहिले आणि १८९८ मध्ये विवेकाच्या कारणाने नकार देणाऱ्या पालकांना सूट दिली. पोलिओच्या वेळी आपण शहाणे झालो होतो. उत्तर प्रदेशात काही वस्त्यांनी दारे लावून घेतली, तेव्हा पोलीस न पाठवता मशिदीतले मौलवी, शाळेतले गुरुजी, शेजारच्या बायका यांना बरोबर घेतले गेले. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळलेला नाही.

आता हिंगोलीकडे. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राने मिशन इंद्रधनुष सुरू केले, तेव्हा लसीकरणात मागे पडलेल्या २०१ जिल्ह्यांच्या पहिल्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांची नावे होती, त्यांत हिंगोली होता. ते काही इथल्या आईबापांना स्वातंत्र्याची ओढ जास्त आहे म्हणून नव्हे. सेनगाव, औंढा, कळमनुरीतल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि परततात त्या उन्हाळा लागल्यावर. फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलाचे नऊ महिने नोव्हेंबरात भरतात, तेव्हा ते परजिल्ह्यातल्या कारखान्याजवळच्या कोपीत असते. इकडे आशाताईच्या यादीत त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ लिहिले जाते, तिकडच्या आशाताईच्या यादीत त्याचे नावच नसते. सप्टेंबरात जन्मलेल्याचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस फडातच राहून जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली आई, खाडा धरला जाईल म्हणून, मूल घेऊन आरोग्य केंद्र शोधत फिरत नाही.

जे गावातच राहतात त्यांचेही काही कमी अडत नाही. सत्र ठरलेल्या दिवशी, दिवसा असते. सोयाबीनची काढणी किंवा हळदीचे दिवस असले की त्या दिवसाची मजुरी जाते. पेंटाव्हॅलंटनंतर मुलाला ताप येतो, मांडी सुजते, रात्रभर रडते. हे होणारच असते. त्यातला डांग्या खोकल्याचा घटक बहुधा त्याला कारण असतो आणि पॅरासिटामॉलने ते एक-दोन दिवसांत निवते. पण हे कोणी आधी सांगितलेले नसेल, तर सकाळी आजी म्हणते, चांगलं खेळतं लेकरू होतं, टोचून आणलं अन् पडलं. पुढच्या डोसला ते घर बंद असते. या घराची नोंद ‘नकार’ अशी होते. तो नकार कोणत्या विचारसरणीतून आलेला नसतो. अर्ध्या रात्री घाबरलेल्या घरातून आलेला असतो.

नियमाप्रमाणे लस टोचल्यावर सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून बरोबर आणायचे. मग अर्धा तास थांबवायचे. समोर चाळीस बाळे रडत असताना आणि तीन गावांचे रजिस्टर भरायचे असताना चारपैकी बहुधा शेवटचीच सांगितली जाते. पालकांची संमती म्हणजे नुसती सही नव्हे. या चार गोष्टी नीट सांगणे म्हणजेच ती संमती, आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा मान सरकारी दवाखान्यात राखायचा तर तो तिथेच राखावा लागेल. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा वंध्यत्वाच्या अफवा पसरल्या आणि काही शाळांत पालकांनी मुले घरी ठेवली. दिल्लीत तशाच मोहिमेबद्दल पालक उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, पालकांच्या संमतीशिवाय शाळेत मुलांना लस देता येणार नाही आणि लशीचे दुष्परिणामही पालकांना सांगावे लागतील. तेव्हा आरोग्य क्षेत्रातल्या अनेकांना तो मोहिमेत घातलेला खोडा वाटला. तो खोडा नव्हता. आधीच करायला हवे होते ते न्यायालयाने करायला लावले.

विश्वास कसा जातो, याचे उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसऐवजी बारा मुलांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. मुले बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण ‘सरकार काय देते कोणास ठाऊक’ म्हणणाऱ्याला यानंतर ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे आहे. चूक झाली, ती अशी झाली, आता असे होऊ नये म्हणून हे केले, असे गावात जाऊन सांगावे लागते. २०२२ च्या निकालातही लशीनंतरच्या त्रासाच्या नोंदी, व्यक्तीची ओळख उघड न करता, लोकांना पाहायला मिळाव्यात असे न्यायालयाने म्हटले आहे. निकालाचा हा भागही मोबाइलवर फिरत नाही, आणि सरकारी कचेऱ्यांतही तो फारसा आठवला जात नाही.

त्यातून एक देणे निघते, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. लशीने गंभीर ॲलर्जी होण्याचे प्रमाण दहा लाख डोसांमागे एक-दोन इतके कमी आहे. रोगाच्या धोक्यापुढे ते नगण्य आहे. पण ज्या एका घरात ते घडते, त्या घराला टक्केवारीने समाधान वाटत नाही. त्या मुलाने सगळ्या गावाच्या वाट्याचा धोका पत्करलेला असतो. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये, कोणाचा दोष सिद्ध न करता अशा कुटुंबाला भरपाई देण्याचे कायदे केले. आपल्याकडे नियमित बाल लसीकरणासाठी असा कायदा नाही. पालकांना समाजाची आठवण करून देण्याआधी समाजाने आपली ही बाजू चुकती करायला हवी. शाळाप्रवेशाला लशीचे प्रमाणपत्र सक्तीचे करा, अशी मागणी अधूनमधून होते. हिंगोलीत त्याचा अर्थ एवढाच होईल की, ऊसतोडीमुळे जे मूल लशीला मुकले तेच शाळेलाही मुकेल. शंका काढणारा शिकलेला बाप प्रमाणपत्र कुठूनही आणेल. प्रवेशाच्या वेळी कार्ड मागावे जरूर, पण राहिलेली लस देण्यासाठी. प्रवेश अडवण्यासाठी नको.

टोळ्या निघायला अजून अवधी आहे. तोवर ज्यांच्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे, त्यांनी कार्ड काढून पाहावे. डोस उशिरा झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे राहिले तिथून पुढे चालू करता येते. पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस वर्षाच्या आत सुरू करता येतो. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत मिळते, डीपीटीची सातपर्यंत. साधी सर्दी किंवा हलके जुलाब असले तरी लस देता येते. ती कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रात मोफत मिळते, कारखान्याच्या गावातही. त्यासाठी तिथले रेशनकार्ड लागत नाही. कार्ड हरवले असेल तर ते नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. निघताना आशाताईकडून राहिलेल्या डोसांची तारीख कार्डावर लिहून घ्यावी, आणि ती चिठ्ठी-कागदांच्या पिशवीत न ठेवता मुकादमाच्या मोबाइलवर तिचा फोटोही काढून ठेवावा.